हुकमानं वसलेली गावं: टांझानियाच्या 'उजामा'ची गोष्ट

ऑक्टोबर 1966. टांझानियाच्या तेव्हाच्या राजधानीत, दार-एस-सलाममध्ये, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा मोर्चा थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी आला. सरकारनं उच्चशिक्षित तरुणांना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली होती, आणि सेवेच्या बहुतेक काळात पगाराच्या 40 टक्केच रक्कम हाती पडणार होती. मुलं भडकली होती. 'ह्यापेक्षा गोऱ्यांचं राज्य बरं होतं' अशा अर्थाचा मजकूर त्यांनी फलकावर लिहून आणला होता. स्वातंत्र्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती.

राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे पूर्वी शाळामास्तर होते. सगळा देश त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी म्हणायचा. त्यांनी मुलांचं ऐकून घेतलं आणि मग त्यांचा पारा चढला. प्रश्न पगाराचाच असेल तर सुरुवात माझ्यापासून, असं म्हणून त्यांनी तिथंच स्वतःचा पगार 20 टक्क्यांनी कमी केल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून आपापल्या गावी धाडलं.

स्वतःच्या पगाराला कात्री लावणारा आणि विरोधात बोलणाऱ्याला घरी पाठवणारा माणूस एकच होता. आफ्रिकी समाजवाद समजून घ्यायचा तर न्येरेरेंची ही दोन्ही रूपं एकदम डोळ्यांपुढं ठेवावी लागतात. 'गोरगरिबांचा कैवारी' किंवा 'देशाचं वाटोळं करणारा' असं एकच रूप धरणाऱ्यांना ही गोष्ट अर्धीच दिसते, असं माझं मत आहे.

हा समाजवाद वेगळा कसा?

1957 ते 1965 ह्या काळात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले. त्यांच्या नेत्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःला समाजवादी म्हणवलं, पण मार्क्सची मांडणी त्यांना जशीच्या तशी नको होती. मार्क्सचा समाजवाद कारखान्यातल्या कामगारांवर आणि वर्गसंघर्षावर उभा आहे. इथं कारखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि बहुसंख्य लोक शेतात. त्यामुळं त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: आमच्याकडं जमीन कधी कुणा एकाच्या मालकीची नव्हती, ती कुळाची होती. म्हाताऱ्यांना, अनाथांना सगळ्यांनी मिळून सांभाळलं. समाजवाद आमच्या घरातच आहे, गोऱ्यांच्या राज्यात त्यावर धूळ बसली, ती झटकायची.

न्येरेरेंनी 1962 मध्ये ह्या विचाराला 'उजामा' हे स्वाहिली नाव दिलं. त्यातला 'जामा' अरबीतून आलेला आहे, आणि आपल्या 'जमात' ह्या शब्दाचं मूळही तेच. उजामा म्हणजे कुटुंबपण, एका घरातली माणसं म्हणून राहणं. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधताना 'भाऊबंदकी' जिभेवर येतो, पण त्या शब्दाचा आपल्याकडं नेमका उलटा अर्थ झाला आहे.

ह्या कुटुंबात आयतं खाणाऱ्याला मात्र जागा नव्हती. न्येरेरे एक स्वाहिली म्हण सांगत: पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्यासाठी तिथं 'कुपे' असा शब्द रूढ झाला. कुपे म्हणजे गोचीड.

इतर देशांत आफ्रिकी समाजवादाचं नाव घेऊन काय झालं ते थोडक्यात पाहू. घानात क्वामे एन्क्रुमांनी मोफत शिक्षण आणलं, व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण बांधलं. पण सगळा खर्च कोकोच्या पैशावर चालला होता. कोकोचा भाव कोसळला आणि तिजोरी रिकामी झाली. तोवर विरोधकांना विनाचौकशी तुरुंगात डांबणारा कायदा आलेलाच होता. फेब्रुवारी 1966 मध्ये एन्क्रुमा परदेशात असताना लष्करानं त्यांना काढलं. गिनीत सेकू तुरेंनी 1958 मध्ये फ्रान्सला भर जनमत चाचणीत 'नाही' म्हणून दाखवलं. जाताना फ्रेंचांनी कचेऱ्यांतले टेलिफोनसुद्धा उचकटून नेले. पुढं ह्याच सेकू तुरेंच्या राज्यात राजकीय कैद्यांना डांबणारी बोइरो छावणी उभी राहिली, आणि आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली ह्यांचा 1977 मध्ये तिथंच अंत झाला. शेवटी बाजारात भाजी आणि धान्य विकणाऱ्या बायकाच तुरेंच्या आर्थिक पोलिसांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या.

केनियाची तऱ्हा आणखी वेगळी. 1965 मध्ये सरकारनं आफ्रिकी समाजवादावर अधिकृत दस्तऐवज काढला, पण आत बाजार, खाजगी जमीन आणि परदेशी भांडवल हेच होतं. त्या संसदेत मूळ गोव्याचे एक खासदार होते, पियो गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी पोर्तुगिजांविरुद्ध काम केलेले. केनियात ब्रिटिशांनी त्यांना वर्षानुवर्षं स्थानबद्ध ठेवलं होतं. भूमिहीनांना जमीन मिळाली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि तो नव्या सत्ताधाऱ्यांना पेलवणारा नव्हता. 24 फेब्रुवारी 1965 ला त्यांच्या घराच्या फाटकाशी, गाडीत लहान मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानतात. गोमंतकीय म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो त्यांच्या यादीत पिंटोंचं नाव इतकं क्वचित का येतं, ह्याची मला खंत वाटते.

टांझानियाची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण हा प्रयोग तिथं सर्वांत प्रामाणिकपणे झाला आणि सर्वांत लांबपर्यंत गेला.

आरुशाचा जाहीरनामा

स्वातंत्र्याच्या वेळी हातात काय होतं? न्येरेरे सांगत: 43 वर्षं राज्य करून ब्रिटिश गेले तेव्हा 85 टक्के प्रौढ निरक्षर, आणि देशात 12 डॉक्टर, 2 इंजिनिअर. निर्यात म्हणजे घायपात, कॉफी, कापूस, काजू. त्यातल्या घायपाताला कृत्रिम धाग्यानं मारलं, भाव उतरले. सव्वाशेच्या आसपास जमाती, आणि भांडवल नाही.

फेब्रुवारी 1967 मध्ये आरुशा गावच्या नावानं जाहीरनामा निघाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: गरिबाची लढाई पैशाच्या हत्यारानं लढता येत नाही, कारण तेच तर त्याच्याकडं नसतं. कर्ज आणि मदतीच्या आशेवर बसू नका, जमीन आणि माणसं आहेत, त्यावर उभे राहा. ह्याला स्वाहिलीत 'कुजितेगेमेआ' म्हणतात, स्वतःवर भिस्त ठेवणं. लगोलग बँका, मोठे कारखाने आणि आयात-निर्यातीच्या पेढ्या सरकारनं ताब्यात घेतल्या.

मला ह्या जाहीरनाम्यातलं सर्वांत धाडसी कलम राष्ट्रीयीकरणाचं वाटत नाही, ते नेत्यांच्या आचारसंहितेचं वाटतं. पक्षाच्या किंवा सरकारच्या पदाधिकाऱ्यानं कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, संचालक व्हायचं नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, भाड्यानं देण्यासाठी घर ठेवायचं नाही. शेजारच्या देशांत मर्सिडीज-बेंझमधून फिरणाऱ्या नव्या साहेबांना लोक 'वाबेंझी' म्हणू लागले होते. बेंझवाल्यांची जमातच ती! टांझानियात ही जमात फोफावू नये म्हणून कायदाच आला. न्येरेरेंनी स्वतः तो पाळला. सत्ता सोडून बुतियामा ह्या आपल्या गावी शेती करायला गेले तेव्हा त्यांच्यावर पैसे खाल्ल्याचा डाग नव्हता. त्यांच्या पिढीतल्या किती राष्ट्राध्यक्षांबद्दल असं म्हणता येईल?

रुवुमातली गावं

आता ह्या कहाणीतला सर्वांत चांगला आणि सर्वांत दुखरा भाग.

देशाच्या दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या सीमेलगत, रुवुमा प्रदेश आहे. तिथं सोंगेआजवळ लितोवा ह्या जागी काही तरुण कुटुंबांनी 1960-61 च्या सुमारास, म्हणजे आरुशाच्या कितीतरी आधी, एकत्र शेती सुरू केली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पहिली वर्षं हालाची गेली, पण ती टिकली. बघून बघून आजूबाजूला आणखी गावं उभी राहिली, सतरा-अठरापर्यंत. त्यांनी मिळून 'रुवुमा विकास संघ' काढला, धान्य दळायची गिरणी चालवली, स्वतःची शाळा काढली. काय पेरायचं, किती वाटून घ्यायचं, कुणाला गावात घ्यायचं, सगळं गावाच्या बैठकीत ठरायचं. न्येरेरे ह्या गावांवर खूश होते. उजामा खेड्यांबद्दल त्यांनी 1967 मध्ये जे लिहिलं, ते ह्या अनुभवाला डोळ्यांपुढं ठेवूनच, असं मानलं जातं. कुणावरही जबरदस्ती करून उजामा उभं राहत नाही, हे त्यांचंच म्हणणं. लोकांचा विकास दुसरा कुणी करू शकत नाही, लोक स्वतःच स्वतःचा विकास करतात, हे 1968 मधलं वाक्यही त्यांचंच.

आणि सप्टेंबर 1969 मध्ये सत्ताधारी 'तानू' पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं रुवुमा विकास संघ बरखास्त केला. मालमत्ता ताब्यात घेतली, कार्यकर्त्यांना पांगवलं. कारण समजायला कठीण नाही. ही गावं प्रदेशाच्या अधिकाऱ्याला विचारत नव्हती. पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याला तिथं काही कामच उरलं नव्हतं. जे लोक स्वतःचा कारभार स्वतः बघतात त्यांना वरून सूचना देणारा माणूस लागत नाही, आणि 1965 पासून देशात तर एकच पक्ष कायदेशीर होता. न्येरेरेंनी हे थांबवलं नाही. उजामाचा जिवंत नमुना उजामाचं नाव घेणाऱ्या पक्षानंच मोडला. पुढं जे बिघडलं त्याची सुरुवात मी इथून धरतो, दुष्काळापासून किंवा तेलाच्या भावापासून धरत नाही.

मग हुकूम आला

लोक आपणहून गावं वसवतील म्हणून सरकारनं वाट पाहिली. गावं वाढली, पण फार सावकाश. अधिकाऱ्यांवर आकडे दाखवायचं दडपण आलं. इरिंगा प्रदेशात प्रादेशिक आयुक्त डॉ. विल्बर्ट क्लेरू जोर लावत होते. 1971 च्या नाताळात, ऐन सणाच्या दिवशी, ते सईद म्वाम्विंदी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर गेले, वाद झाला, आणि म्वाम्विंदीनं त्यांना गोळी घातली. मग स्वतःच प्रेत गाडीत घालून पोलीस ठाण्यावर गेला. त्याला फाशी झाली. हा इशारा होता, पण कुणी थांबून ऐकला नाही.

नोव्हेंबर 1973 मध्ये न्येरेरेंनी जाहीर केलं की गावात राहायला जाणं हा आता आदेश आहे, आणि 1976 च्या अखेरीपर्यंत सगळा ग्रामीण देश गावांत वसलेला हवा. ह्या मोहिमेचं नाव 'ओपरेशेनी विजीजी', म्हणजे ऑपरेशन खेडी. निमलष्करी दलं आणि ट्रक आले. बऱ्याच ठिकाणी लोकांनी परत फिरू नये म्हणून जुनी घरं पाडली, काही ठिकाणी जाळली. काही वर्षांत किमान 50 लाख माणसं हलवली गेली. 1977 पर्यंत 1 कोटी 30 लाखांच्या आसपास लोक सात-आठ हजार नोंदलेल्या गावांत राहत होते.

ह्यामागचा युक्तिवाद वेडगळ नव्हता, हे सांगायला हवं. विखुरलेल्या वस्त्यांना शाळा, दवाखाना आणि नळ कुठून पोचवणार? लोक एका जागी आले तर ते शक्य होतं. पण गावाची जागा नकाशावर ठरली, बहुतेकदा रस्त्याच्या कडेला, म्हणजे अधिकाऱ्याच्या जीपला सोयीची. कुठल्या मातीत काय येतं, पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकतं, जमीन किती वर्षं पड ठेवायची, हे जिथं जाणणारी माणसं होती तिथून ती उचलली गेली. एका जागी इतकी माणसं आणि गुरं आल्यावर भोवतालचं रान ओरबाडलं गेलं, आणि सरपणासाठी बायकांची पायपीट वाढली.

काजूचं उदाहरण आपल्याला चटकन कळेल. कोकण-गोव्यासारखाच तिथंही काजू पोर्तुगिजांमुळं आला, आणि तिथला कच्चा काजू वर्षानुवर्षं भारतातल्या कारखान्यांत फोडायला येत असे. 1973-74 मध्ये टांझानियाचं उत्पादन सुमारे 1,45,000 टन होतं. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ते 20,000 टनांच्याही खाली गेलं. माणसं नव्या गावात आणि झाडं मैलोन्‌मैल मागं राहिली. वाढलेलं गवत कोण काढणार, बोंडाखालची बी कोण वेचणार? भुरी रोगानं आणि सरकारी खरेदीच्या पडेल भावानं उरलीसुरली कसर भरून काढली.

खरेदीचा प्रश्न गावांच्या प्रश्नाइतकाच मोठा होता. 1976 मध्ये सरकारनं शेतकऱ्यांचे सहकारी संघच बरखास्त केले आणि प्रत्येक पिकाला एकेक सरकारी महामंडळ दिलं. महामंडळ पैसे उशिरा द्यायचं आणि कमी द्यायचं, कारण त्याचा स्वतःचा खर्चच अफाट होता. शेतकऱ्यानं काय करावं? त्यानं घरापुरतं पिकवलं, किंवा रात्री माल सीमेपार नेला. ह्या चोरट्या बाजाराला 'मागेंडो' म्हणत. त्याच वर्षी खेड्यापाड्यांतली खाजगी दुकानं बंद करायची मोहीम निघाली. तिचं नाव 'ओपरेशेनी मादुका', आणि 'दुका' म्हणजे आपलं दुकानच. दुकानदार बऱ्याच ठिकाणी गुजराती. त्याआधी 1971 मध्ये एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारनं घेतल्या, त्याही मुख्यतः भारतीयांच्या. अनेक कुटुंबं कॅनडा-ब्रिटनला निघून गेली.

तरी टांझानियाला युगांडाच्या पंगतीत बसवणं चूक ठरेल. इदी अमीननं 1972 मध्ये आशियाई लोकांना वंशावरून हाकलून दिलं. न्येरेरेंनी 1961 मध्येच नागरिकत्व वंशावर ठरवायच्या मागणीला तोंड देताना राजीनाम्याची तयारी दाखवली होती, आणि त्यांच्या सरकारात भारतीय वंशाचे अमीर जमाल दीर्घकाळ अर्थमंत्री होते. घाव मालमत्तेवर होता. ज्यांचं घर गेलं त्यांना ह्या फरकानं फार दिलासा मिळाला नसेल, पण फरक खरा आहे.

त्याच सरकारचं दुसरं काम

ज्या 1973 मध्ये गावांचा हुकूम सुटला, त्याच वर्षी ह्याच सरकारनं रेडिओवरून 'म्तू नी आफ्या' नावाची मोहीम चालवली. अर्थ साधारण 'माणूस म्हणजे आरोग्य'. बारा आठवडे, आठवड्याला एक कार्यक्रम. लोक गटानं रेडिओभोवती बसायचे, छापील पुस्तिका वाचली जायची, मग चर्चा: मलेरिया आपल्याकडं का, डबकं कुणाच्या घरामागं, संडास कुठं खणायचा. सुमारे 20 लाख प्रौढ ह्यात सामील झाले, आणि लाखो संडास लोकांनी स्वतः खणले. ट्रक किंवा बंदूक कुठंच नव्हती.

साक्षरतेचंही तसंच. 1967 मध्ये प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच वाचता येत होतं. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारी मोजणीत हा आकडा 90 टक्क्यांपर्यंत गेला. सरकारी मोजणी थोडी उदार असते हे मान्य करूनही ही झेप विलक्षण आहे. 1974 मध्ये मुसोमा इथं ठरलं की 1977 पर्यंत प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत, आणि बरंचसं झालंही. शिक्षक अपुरे पडले म्हणून सातवी झालेल्या पोरांनाच घाईनं प्रशिक्षण देऊन वर्गावर उभं केलं. दर्जा घसरला. तरी ज्या घरात कधी पाटी आली नव्हती तिथं ती आली. उजामाचा प्रयोग फसला म्हणणाऱ्यांनी ह्या घरांकडंही पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि भाषा. इंग्रजी ही वरच्यांची भाषा होऊन बसली असती, पण न्येरेरेंनी स्वाहिलीला प्राथमिक शाळेची, कचेरीची, संसदेची भाषा केलं. शेक्सपिअरची दोन नाटकं त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणली. व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं नाव त्यांनी 'माबेपारी वा वेनिसी' ठेवलं, आणि 'माबेपारी' म्हणजे भांडवलदार! सव्वाशे जमातींचा हा देश जमातींच्या यादवीत कधी पेटला नाही. शेजारी रवांडा आणि बुरुंडीत काय झालं हे आठवलं की ह्याचं मोल कळतं.

टंचाईची वर्षं

1970 च्या दशकाच्या शेवटी सगळं एकदम अंगावर आलं. 1973-74 चा दुष्काळ होऊन गेला होता, तेलाचे भाव दोनदा भडकले, 1977 मध्ये केनिया-युगांडाबरोबरचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला. 1978 मध्ये अमीनच्या फौजा टांझानियाच्या सीमेवरच्या कागेरा भागात घुसल्या. टांझानियानं त्यांना हुसकावलं आणि एप्रिल 1979 मध्ये युगांडाची राजधानी कंपाला घेतली, पण युद्धानं तिजोरी धुऊन नेली. साबण, साखर, खाद्यतेल मिळेनासं झालं, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहू लागले. 1983 मध्ये पंतप्रधान एडवर्ड सोकोइनेंनी साठेबाजांविरुद्ध मोहीम काढून हजारोंना पकडलं. त्यानं दुकानं भरली नाहीत.

ही संकटं बाहेरून आली हे खरं. पण शेतकऱ्याचा संघ मोडलेला, दुकान बंद, आणि पीक चुकलं तर सांगायला वर्तमानपत्र किंवा विरोधी पक्ष नाही, अशा देशाला ती दुपटीनं झोंबली. ज्या देशानं कुजितेगेमेआचा मंत्र दिला तोच परदेशी मदतीवर सर्वाधिक अवलंबून राहणाऱ्यांत गणला गेला.

न्येरेरे 1985 मध्ये आपणहून पायउतार झाले. पुढच्याच वर्षी अली हसन म्विन्यींच्या सरकारनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. न्येरेरेंनी वर्षानुवर्षं जे टाळलं होतं ते सुरू झालं. दुकानं भरली. शाळांना मात्र पुन्हा फी लागली आणि 1990 च्या दशकात शाळेतल्या मुलांचं प्रमाण घसरलं. प्राथमिक शाळेची फी 2001 मध्ये परत रद्द करावी लागली. नेत्यांची आचारसंहिता 1991 मध्ये झांझिबारमधल्या पक्षाच्या बैठकीत सैल केली गेली, आणि त्यानंतर वाबेंझींना आडकाठी उरली नाही. न्येरेरेंना 1995 मध्ये भारताचा पहिला गांधी शांतता पुरस्कार मिळाला. 14 ऑक्टोबर 1999 ला लंडनच्या रुग्णालयात ते गेले.

ती गावं मात्र राहिली. काही लोक संधी मिळताच जुन्या जागी परतले, पण बहुतेक ठिकाणी शाळा, विहीर आणि बाजार नव्या जागी रुजले होते, पोरं तिथंच मोठी झाली होती. 1999 मध्येच ग्रामजमीन कायदा आला. टांझानियात जमीन आजही कुणाच्या खाजगी मालकीची नाही. ती सार्वजनिक आहे, राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त, आणि गावच्या जमिनीचा कारभार गावाच्या परिषदेकडं. कुणाला शेतीच्या मळ्यासाठी किंवा शिकारीच्या तळासाठी ती हवी असेल, तर प्रस्ताव आधी गावसभेपुढं ठेवावा लागतो. सरकारकडं ह्यातून पळवाटा आहेत आणि त्या वापरल्याही जातात. तरी ज्यांच्या आईबापांना ट्रकमध्ये घालून ह्या जागी आणून टाकलं, ती माणसं आता झाडाखाली सभा भरवून विचारू शकतात: आमची जमीन कशासाठी हवी, किती वर्षांसाठी, आणि आम्ही नाही म्हटलं तर?